जाड सागवान आणि बाभूळ टेबल सॉवर उभी फाडताना कड जळते, पातं आवळतं. काय करावं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. झोपाळ्याच्या कामात अडकलोय, जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतला एक जुना वाडा उतरवला, तेव्हा त्यातल्या सागवानी तुळया विकत घेतल्या. वखारीत नेऊन त्यांच्या अडीच इंच जाडीच्या फळ्या पाडून आणल्या. आता घरच्या टेबल सॉवर (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत) या फळ्या तीन-तीन इंच रुंदीच्या पट्ट्यांत उभ्या, म्हणजे तंतूंच्या दिशेनं, फाडायच्या, पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद बैठक करायची असा बेत आहे. झोपाळ्यावर घरातली तीन-चार माणसं एकदम बसणार, म्हणजे सांधा पक्का हवा आणि त्यासाठी फाडलेली कड स्वच्छ हवी. झोपाळा छताच्या कड्यांना न टांगता लाकडी चौकटीवर टांगायचाय. चौकटीच्या खांबांसाठी चार इंच जाडीची बाभूळ आणलीय.

मशीन दहा इंची पात्याचं, २ एचपी, सिंगल फेज, बेल्टवर चालणारं. त्याच्याबरोबर आलेलं पातं ६० दातांचं आहे.

सागवानाची फळी घातली की पहिला हातभर व्यवस्थित जाते. पुढं धूर येतो, मोटार घुमायला लागते. पट्टी बाहेर काढून बघितली तर फेन्सच्या, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या सरळ पट्टीच्या, बाजूला जी कड असते तीच काळी झालेली, अर्ध्यापासून शेवटपर्यंत. पलीकडचा तुकडा मात्र स्वच्छ. बाभळीचा दोन इंची तुकडा घालून बघितला तर दोन्ही कडा जळल्या, त्याही सलग नाही, पट्ट्यापट्ट्यांनी.

हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं की पातळ पातं लावा, मोटारीवर लोड कमी येतो. म्हणून ४० दातांचं, २.२ मिमी रुंद काप पाडणारं पातं आणलं. त्यानं तर फळी पात्याच्या मागं जरा सरकली की जागच्या जागी थांबते, ढकलूनही जात नाही. पात्याच्या पाठीमागं जो उभा पत्रा आहे, रायव्हिंग नाईफ, तिथंच अडकते असं दिसतंय. तो पत्रा काढून टाकला तर चालेल का? आणि २ एचपी मोटार या कामाला कमी पडतेय का? ३ एचपी घ्यायची तयारी आहे, पण त्यानं सुटणार असेल तरच.

---

वखार_टिंबरमार्केट

राम राम. पत्रा काढू नका. बाकी काही नाही ऐकलं तरी एवढं ऐका.

दुसरं, तुळया वाड्याच्या आहेत म्हणताय. फळ्या पाडताना वखारवाल्यानं खिळे काढले असतील ते वरचे. आतले मोडके खिळे, कडीपाटाच्या चुका (बारीक खिळे), लोखंडी पट्ट्यांचे तुकडे राहतातच. डोक्यावरचा गंज पुसला गेला की खिळा दिसत नाही, पण सागवानात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो. तसा डाग दिसला की तिथं काहीतरी आहे असंच समजायचं. स्पीकरचं जुनं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळू फिरवा, पृष्ठभागाजवळचा खिळा लगेच ओढ दाखवतो. खोलवरच्यासाठी हातात धरायचा मेटल डिटेक्टर भाड्यानं मिळाला तर बघा. कार्बाइडचा दात खिळ्यावर बसला की उडतो, आणि एक दात उडालेलं पातं सरळ चालत नाही.

चार इंची बाभळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती टेबल सॉवर घालूच नका, बँडसॉवर (पट्ट्यासारखं पातं वरून खाली फिरणारी करवत) फाडून घ्या. बँडसॉचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, तुमच्या अंगावर फेकत नाही. काप पातळ पडतो, भुसा कमी होतो. फाडलेली कड खरबरीत येते, ती रंध्यावर साफ करायची.

---

पॅटर्नवाला_उद्यमनगर

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. कुठली कड जळली, कुठून जळली, सलग की पट्ट्यांनी, हे तुम्ही नीट बघितलंय. बहुतेक जण फक्त ‘जळतंय’ एवढंच सांगतात.

मी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो. सागवानावरच आयुष्य गेलं. आमच्या कामात अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं झाला तर ओतकामात तो दिसतो, म्हणून मशीन मोजायची सवय आहे. तुम्हालाही तेच सांगणार आहे: आधी मोजा, मग खर्च करा. ३ एचपी मोटार आत्ता घेऊ नका. मोटार घुमते ती लाकूड कापताना नाही, लाकूड घासताना. घासणं बंद केलं तर २ एचपीत अडीच इंच सागवान फाडून होतं, सावकाश पण होतं.

आता सागवानाची कड. फक्त फेन्सच्या बाजूची जळते आणि अर्ध्यापासून पुढं जळते. याचा अर्थ तुमचा फेन्स पात्याला समांतर नाही, मागच्या बाजूला पात्याकडं झुकलाय. फळी जसजशी पुढं जाते तशी ती फेन्स आणि पात्याच्या मागच्या दातांमध्ये दाबली जाते. पुढचे दात खाली उतरत कापतात, मागचे दात टेबलातून वर येत असतात. त्यांचं काम काहीच नाही, ते नुसते घासतात आणि लाकूड वर उचलायला बघतात. पलीकडचा तुकडा मोकळा असतो म्हणून तो स्वच्छ राहिला.

हे मोजायची पद्धत अशी. मशीनचा प्लग काढा. पात्याच्या एका दातावर पेनानं खूण करा. तो दात पुढं आणून माइटरच्या खाचेपासून (टेबलावर पात्याशेजारी असलेली लांब सरळ खाच) अंतर मोजा, मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं न्या आणि परत मोजा. तोच दात हवा, कारण पातं किंचित लहरी असलं तरी मग फरक पडत नाही. दोन मापांत ०.१ मिमीच्या आत फरक असेल तर पातं खाचेला समांतर आहे. नसेल तर आधी ते जुळवायचं, म्हणजे टेबलाचे किंवा मोटारीच्या बैठकीचे बोल्ट सैल करून. ते झाल्याशिवाय फेन्सला हात लावायचा नाही. मग फेन्स लॉक करून खाचेपासून पुढं आणि मागं मोजा. मागच्या टोकाला फेन्स पात्यापासून ०.१ ते ०.२ मिमी लांब असला तर उत्तम. त्याहून जास्त उघडू नका, नाहीतर पलीकडचा तुकडा मागच्या दातांवर घासायला लागतो आणि जळायची बाजू फक्त बदलते. डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) नसेल तर फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्यांची जुडी) चालतो. उद्यमनगरात कुठल्याही मशीन शॉपमध्ये मागितलं तर कोणीही तासभर डायल देईल. लॉक करताना फेन्स हलतो का तेही बघा, लॉकचा खटका दाबल्यावरच मोजायचं.

आता बाभूळ. दोन्ही कडा आणि पट्ट्यापट्ट्यांनी जळलेली कड म्हणजे लाकूड त्या त्या जागी थांबलंय. हात बदलायला थांबलात, काठी उचलायला थांबलात, तिथं दात एकाच जागी फिरत राहिले. पण थांबल्यावर इतकं जळतं कारण पातंच चुकीचं आहे.

हिशेब करून बघा. पातं मिनिटाला ३००० फेरे फिरतंय असं धरू. ६० दात म्हणजे मिनिटाला १,८०,००० वेळा दात लाकडाला लागतो. अडीच इंच जाड लाकूड तुम्ही मिनिटाला दोन मीटरच्या वेगानं ढकललंत, तर एका दाताच्या वाट्याला ०.०११ मिमी लाकूड येतं. एवढ्या पातळ थरात दात शिरतच नाही, वरून घसरतो, आणि घसरला की उष्णता. तेच २४ दातांचं पातं असेल तर एका दाताला ०.०२८ मिमी मिळतं. दात आत शिरतो, ढलपी काढतो, आणि ढलपीबरोबर उष्णता बाहेर जाते. शिवाय २४ दातांमध्ये दोन दातांमधली खोबण मोठी असते. उभं फाडताना लांब तंतूसारखा भुसा निघतो, त्याला बसायला जागा लागते. ६० दातांच्या बारीक खोबणीत तो कोंबला जातो आणि कापाच्या भिंतीवर घासत राहतो. ६० आणि ८० दातांची पाती आडवं कापायला आणि प्लायवूडला. उभं फाडायला २४ दात, सपाट डोक्याचे, पुढं झुकलेले. हे पातं मोटारीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

पातळ पात्याचा घोळ वेगळा आहे. पत्र्यावर किंवा मशीनच्या पाटीवर त्याची जाडी लिहिलेली असेल, नसेल तर व्हर्नियर लावा. बहुधा २.५ मिमीच्या आसपास निघेल. पातं २.२ मिमीची वाट पाडतंय आणि मागं २.५ मिमीचा पत्रा उभा आहे, मग लाकूड जाणार कुठून? नियम साधा आहे: पत्रा पात्याच्या तबकडीपेक्षा जाड हवा आणि दातांच्या कापापेक्षा पातळ हवा. पूर्ण जाडीचं पातं, म्हणजे ३ ते ३.२ मिमी कापाचं, घेतलंत तर हा २.५ मिमीचा पत्रा त्यात बरोबर बसतो. पातळ पातंच वापरायचं असेल तर त्याच्या जोडीचा पातळ पत्रा घ्यावा लागेल.

आणि वखारवाल्यांनी सांगितलं ते मी परत सांगतो, पत्रा काढायचा नाही. फाडलेलं लाकूड मागं मिटतं. तो पत्रा नसेल तर ते पात्याच्या मागच्या दातांवर मिटतं. दहा इंची पात्याच्या कडेचा वेग ३००० फेऱ्यांना सेकंदाला ४० मीटर होतो, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या वर. मागच्या दातांनी लाकूड पकडलं की ते त्या वेगानं वर आणि तुमच्याकडं येतं, आणि हात लाकडावर असेल तर हात पात्यावर ओढला जातो. पत्रा दातांपासून ३ ते ८ मिमीवर असला पाहिजे, त्याहून लांब असेल तर बोल्ट सैल करून जवळ आणा.

लाकूड का मिटतं, हे समजून घ्या. झाड उभं असताना त्यात ताण असतो, वाळताना आणखी भरतो. फळी अखंड असते तोवर एक बाजू दुसरीला धरून ठेवते. तुम्ही मधून फाडलं की दोन्ही मोकळ्या होतात, कधी केळ्यासारख्या बाहेर वळतात, कधी आत मिटतात. तुळईतून काढलेल्या फळीत झाडाचा गाभा, मधला बारीक काळसर ठिपका किंवा रेघ, असेल तर ती फळी नक्की हलणार. फळ्यांची टोकं बघा. गाभा असलेली फळी बाजूला काढा आणि गाभा मधोमध राहील असा फाडून तो भाग टाकून द्या. बैठकीत गाभा नको, पुढं तिथंच चीर जाते.

शेवटचं म्हणजे सगळ्यात आधी करायचं: फळीचं एक अंग सपाट आणि एक कड सरळ. वखारीतून आलेली फळी तशीच मशीनवर घालायची नाही. अंग पिळलेलं असेल तर फळी टेबलावर डुलते, डुलली की काप वाकडा होतो आणि पातं आवळतं. कड वाकडी असेल तर फेन्सला दोनच ठिकाणी टेकते. जॉइंटर (कड सरळ करायचं रंधा मशीन) असेल तर चांगलंच, नसेल तर हाताचा लांब रंधा. तोही जमत नसेल तर प्लायची सरळ पट्टी फळीवर स्क्रूनं मारा, पट्टीची कड फेन्सवर चालवा आणि पहिली सरळ कड काढा. मग ती कड फेन्सला लावून पुढच्या पट्ट्या काढा.

---

गगनबावडा_फर्निचर

पॅटर्नवाल्या काकांच्या उत्तरानंतर फारसं उरत नाही. फक्त दोन गोष्टी.

एक, टेबलावर आणि फेन्सवर साधी मेणबत्ती घासून फडक्यानं पुसून घ्या. लाकूड इतकं हलकं सरकतं की ढकलायला निम्मा जोर लागतो. पावसाळ्यात आमच्याकडं टेबलावर रात्रीत गंज चढतो, मेणानं तोही आटोक्यात राहतो.

दोन, जुन्या सागाचा चीक पात्यावर बसतो. दातांच्या बाजूला काळपट चिकट थर दिसला की पातं बोथट समजून टाकू नका. गरम पाण्यात कपड्याचा सोडा घालून पातं अर्धा तास भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. तारेचा ब्रश दातांवर मारायचा नाही. आमच्याकडं फणस आणि ऐन जास्त, पण चिकाच्या बाबतीत साग सगळ्यांना भारी.

एक शंका काकांना. आम्हाला उस्तादांनी शिकवलं की पातं लाकडाच्या वर जेमतेम सूतभर ठेवायचं, सुरक्षित राहतं. जाड लाकडाला तेच का?

---

पंचगंगाकाठ

काका, मनापासून आभार. डायल गेज एका ओळखीच्या मशीन शॉपमधून आणला.

पातं खाचेला समांतर निघालं. फेन्स मात्र मागच्या टोकाला ०.४ मिमी पात्याकडं होता. बोल्ट सैल करून आता मागं ०.१ मिमी उघडा केलाय. पत्रा २.५ मिमीचाच आहे, तुम्ही म्हणालात तसा. २४ दातांचं ३.२ मिमीचं पातं आणलं. सागवानाच्या एका फळीची कड रंध्यानं सरळ करून घातली, धूर नाही, कड पिवळीधमक. मधे एका जागी फक्त हलका तपकिरी डाग आला, तिथं मला फळी वळायला लागल्यासारखी वाटली आणि हात थबकला.

फळी आवळतेय असं वाटलं तर नेमकं काय करायचं? आणि बाभळीचे चार इंची खांब खरंच बँडसॉलाच द्यायचे का? आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेजही पडतं, त्याचा काही संबंध आहे का?

---

पॅटर्नवाला_उद्यमनगर

आधी गगनबावड्याच्या प्रश्नाचं. सूतभर पातं वर ठेवण्यात हात वाचवायचा हेतू आहे, तो बरोबर आहे आणि पातळ लाकडाला ते चालतं. पण जाड कठीण लाकूड उभं फाडताना पातं थोडं उंच हवं, दोन दातांमधली खोबण लाकडाच्या वर यायला हवी. खोबण वर आली तर भुसा बाहेर फेकला जातो. शिवाय पातं उंच असलं की दात जास्त उभ्या दिशेनं खाली येतो, लाकडातलं त्याचं अंतर कमी होतं आणि लाकूड टेबलावर दाबलं जातं. उंच पात्यावर वरचं झाकण मात्र हवंच. मेणाचं अगदी बरोबर, फक्त मेणाचा जाड थर ठेवू नका, चिकटवायच्या कडेला लागला तर सांधा धरत नाही.

आता आवळण्याचं. मागं ओढायचं नाही आणि वर उचलायचं नाही, दोन्हीत मागचे दात लाकूड पकडतात. लाकूड जिथं आहे तिथं टेबलावर आणि फेन्सवर घट्ट धरून ठेवा, गुडघ्यानं किंवा मांडीनं स्विच बंद करा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत हात हलवू नका. तुमचा स्विच मांडीला लागेल अशा उंचीवर नसेल तर पुढची फळी घालायच्या आधी तो खाली घ्या. पातं थांबलं की प्लग काढा, कापात पाचर ठोका, म्हणजे वाट उघडी राहते. फळी जराशी मागं घ्या, मशीन चालू करा, पातं पूर्ण वेगात आलं की परत त्याच कापात घाला. पाचर कापाच्या मागच्या टोकाला, पत्र्याच्या पलीकडंच राहिली पाहिजे. पाचर आधीच करून शेजारी ठेवा, लागल्यावर शोधत बसायचं नाही.

जी फळी फाडताना वळते, तिला थोडा वेळ द्या. पट्टी तीन इंची हवी असेल तर आधी सव्वातीन इंचाची काढा. सगळ्या पट्ट्या मधे हवा खेळेल अशा रचून काही दिवस ठेवा, ज्या हलायच्या त्या हलतील. मग कड परत सरळ करून तीन इंचाला आणा. दुसऱ्या वेळेला पात्याला फारच थोडं लाकूड काढायचं असतं, मिटायचा प्रश्न येत नाही आणि कड इतकी स्वच्छ येते की रंधा मारायची गरज उरत नाही.

फळी फार ताणाची असेल तर फेन्सला आखूड पट्टी जोडा. प्लायचा उंच तुकडा, जो पात्याच्या मध्यापर्यंतच येतो आणि तिथं संपतो. युरोपात अखंड लाकूड फाडताना अशीच आखूड फेन्स ठेवतात. फाडलेली पट्टी बाहेर वळली तरी तिला पात्याच्या मागं जागा मिळते, फेन्स आणि पात्यात दाबली जात नाही.

व्होल्टेजचा संबंध आहेच. २ एचपी म्हणजे दीड किलोवॉट मोटार, ती पूर्ण लोडवर ९ ते १० अँपिअर घेते. व्होल्टेज पडलं की तिचा जोर कमी होतो आणि ती जास्त करंट ओढून तापते. तुम्ही ढकलायचा वेग कमी करता, आणि परत तेच, दात घासायला लागतात. लांब बारीक एक्स्टेंशन वापरत असाल तर तो आधी फेका. १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, जितकी आखूड तितकी बरी. बेल्ट बोटानं दाबून बघा, सैल असेल तर पातं मोटारीबरोबर फिरत नाही आणि जळका रबराचा वास येतो, तो लाकडाचा समजू नका. जड काम सकाळी करा.

बाभूळ. वखारवाल्यांचं म्हणणं बरोबर, खांब चार इंची, तुमचं दहा इंची पातं साधारण तीन इंचाच्या थोडं वर जाईल. बँडसॉ जवळ असेल तर तिथंच न्या. टेबल सॉवरच करायचं असेल तर दोन बाजूंनी करा, एकदम नाही. खांबाचं जे अंग फेन्सला लावलं तेच दोन्ही वेळेला फेन्सला लागलं पाहिजे. एकदा साधारण ४७ मिमी खोल काप घ्या, मग खांब टोक बदलून उलटा, म्हणजे वरचं अंग खाली येईल पण फेन्सचं अंग तेच राहील, आणि परत ४७ मिमी. मधे ७-८ मिमी लाकूड राहील. ते हातकरवतीनं उतरवा. दोन तुकडे शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहतात, मिटत नाहीत, आणि मोकळा तुकडा पात्याजवळ सुटा होत नाही. या पद्धतीत वरचं झाकण काढावं लागलं तरी पत्रा मात्र ठेवायचा, फक्त तो पात्याच्या टोकाच्या किंचित खाली असला पाहिजे, नाहीतर लाकूड त्याला धडकतं.

बाभळीला गाठी असतात, आणि तिचे तंतू एकमेकांत अडकलेले. गाठीजवळ आलं की मोटारीचा आवाज खाली येईल, तिथं ढकलणं हलकं करा पण थांबवू नका. आवाज ऐकत चला, आवाज एकसारखा असेल तर वेग बरोबर आहे. साडेपाच फुटी सागवानाच्या पट्टीला सुमारे पन्नास सेकंद, तेवढा वेळ एकसलग चालायचं. त्यासाठी मागं तेवढ्याच उंचीचं टेबल किंवा रोलर स्टँड ठेवा. फळीचं पुढचं टोक बाहेर लटकलं की मागचं टोक टेबलावरून उचलतं, आणि हात बदलायला थांबण्याचं निम्मं कारण तेच असतं.

आणि अंगावर काही लोंबतं ठेवू नका. आपल्याकडं खांद्यावर टॉवेल टाकून काम करायची पद्धत आहे, मशीनवर तो नको. हातात कडं नको, हातमोजेही नकोत. पट्टी तीन इंची आहे म्हणजे हात पात्याच्या फार जवळ जातो, शेवटचा हातभर ढकलायला काठी हवी, तीही रुंद टाचेची. उभं राहताना पात्याच्या सरळ रेषेत नाही, फेन्सच्या विरुद्ध बाजूला जरा डावीकडं.

---

वखार_टिंबरमार्केट

बाभळीचे खांब आणा, बँडसॉवर फाडून देतो, चार इंची खांबाला फार वेळ लागत नाही. फक्त आणण्याआधी खिळे काढून, चुंबक फिरवून आणा. बाभूळ ओली असेल तर फाडून लगेच उन्हात ठेवू नका, टोकांना डांबर किंवा जुना ऑइल पेंट लावून सावलीत ठेवा, नाहीतर टोकापासून चिरते.

---

पंचगंगाकाठ

खांब वखारीला देतो, सागवानाच्या पट्ट्या मी काढतो. शेवटची शंका: ज्या पट्ट्यांची कड आधी जळली आहे त्या वापरता येतील का? डाग पातळ आहे, सँडपेपरनं जाईल असं वाटतं.

---

पॅटर्नवाला_उद्यमनगर

सँडपेपर नको. जळलेल्या कडेवर चकचकीत कडक थर तयार होतो, त्यात गोंद शिरत नाही. सँडपेपरनं तो घासाल तेव्हा कड गोल होते आणि सांध्यात फट राहते. धारदार रंध्यानं एक-दोन पातळ ढलप्या काढा, खालचं ताजं लाकूड दिसेपर्यंत. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर अजून थर आहे, पसरून आत शिरला तर गोंद धरेल. सागवानात मुळात तेल असतं, म्हणून रंधा मारल्यावर फार दिवस ठेवू नका, त्याच दिवशी चिकटवा. गोंद लावण्याआधी कड थिनरच्या फडक्यानं पुसून घेतली तर आणखी बरं.

तीन इंचाची पट्टी रंध्यानंतर पावणेतीनला आली तरी चालेल, पण मग आठच्या जागी नऊ पट्ट्या लागतील. लाकूड पुरतंय का ते आधी मोजून घ्या.